हौशी नाट्यमंडळासाठी पैसे कसे उभे करावेत: एका खजिनदाराचा अनुभव

आमच्याकडे नाटकाला माणसं कमी पडत नाहीत. कलमांच्या बागेतून थेट तालमीला येणारी पोरं आहेत, शिक्षक आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. कमी पडतो तो पैसा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी अशा मंडळाची खजिनदार आहे. नवी मंडळं विचारायला आली की त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

एका मोठ्या देणगीदाराच्या जिवावर मंडळ उभं करू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं ते राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजे गेले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आपला शेठ काही राजा नसतो, पण रुसायला त्याला वेळ लागत नाही. शिवाय त्याच्या भाच्याला नायक व्हायचं असतं!

त्यापेक्षा हा हिशेब बघा. दरमहा १०० रुपये देणारी २०० घरं मिळाली तर वर्षाला २,४०,००० रुपये होतात. त्यातली दहा घरं गळाली तरी तूट १२,०००ची, ती एखाद्या प्रयोगाच्या तिकिटातून निघते. २०० घरं एका वर्षात मिळत नाहीत. चाळीसपासून सुरुवात करा. बँकेत स्थायी सूचना द्यायला लावा, म्हणजे दर महिन्याला दार वाजवावं लागत नाही. मागायला जाणाऱ्यालाच लाज वाटू लागली की वर्गणी बंद पडते, हे मी बऱ्याच मंडळांत पाहिलंय.

चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात तेव्हा सगळेच त्यांच्याकडे धावतात: देवळाचा जीर्णोद्धार, क्रिकेटचे सामने, वाडीची पाखाडी. त्या गर्दीत पावतीपुस्तक घेऊन उभं राहू नका. त्या दिवसांत तालमीला बोलवा, चहा पाजा, एक प्रवेश दाखवा. पैशाचं बोलणं ते मुंबईला परतल्यावर फोनवर करा. घरात पाहुणे असताना माणूस एक्कावन्न रुपये काढतो आणि सुटका करून घेतो.

मागताना ‘नाटकाला मदत करा’ असं मोघम बोलू नका. जिल्ह्याच्या केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग करायचा तर टेम्पो, नेपथ्याच्या फळ्या आणि कापड, लाइटचं भाडं, रंगभूषा, कलाकारांचं जेवण, प्रत्येकाचा आकडा एका कागदावर लिहा आणि कागद समोर ठेवा. माणूस त्यातलं एक निवडतो. ‘टेम्पो माझा’ म्हणणारा प्रयोगाच्या दिवशी टेम्पो वेळेवर सुटला का, हेही बघतो. लाकडाच्या वखारवाल्याकडे पैसे मागूच नका, फळ्या मागा. शाळेकडे रात्रीपुरता वर्ग मागा. अशी वस्तूरूप मदतही वहीत किमतीसकट लिहून ठेवा. पुढच्या वर्षी खरा खर्च किती, ते त्यावरूनच कळतं.

स्मरणिका काढत असाल तर जाहिरातीचे पैसे छपाईआधी घ्या. एवढंच.

आता कागदपत्रं. मंडळ नोंदवलेलं नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी, गणेश मंडळं घेतात तशी. कायमचं काम करायचं असेल तर सात जण जमवून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा, तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासणी आली. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज भरायचा. हे कोणी भरत नाही, आणि मग बँकेत सह्या कोणाच्या चालणार यावरून खातं अडकतं. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे आयकर खात्याची तशी मान्यता लागते, तिला लोक ८०जी म्हणतात. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच घ्या आणि पॅन लिहून घ्या.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचं मात्र नीट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर अडचण नाही. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्याची देणगी विदेशी ठरते, मग तो कितीही आपल्या वाडीतला असो. परवान्याशिवाय ती घेता येत नाही. प्रेमाने नाही म्हणा, आणि गावात असलेल्या त्याच्या भावाने स्वतःच्या पैशातून काही दिलं तर घ्या. एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावाने फिरवू नका.

कंपन्यांच्या सामाजिक निधीत पारंपरिक कलांना जागा आहे, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तसं लिहिलंय. पण त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि प्रस्ताव लिहिणारं कोणीतरी लागतं. नमन-खेळे किंवा जाखडी अशा कोकणातल्या लोककलांची मंडळं असतील तर प्रयत्न करावा. आमच्यासारख्या नाटकवाल्यांनी आधी गावातली चाळीस घरं पक्की करावीत.

कोणाला गुप्तदान करायचं असतं. स्टेजवरून नाव घेऊ नका, पण पावती फाडा आणि आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर नाव लिहा.

प्रयोग झाला की आठवड्याच्या आत हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जमा, खर्च, शिल्लक, आणि उधारी असेल तर तीही. आमच्याकडे लोक उभे राहून वाचतात आणि चहाचं बिल इतकं कसं, असं विचारतात. विचारू द्या. खातं दोघांच्या सहीने चालवा, त्यातला एक नाटकात काम न करणारा असावा. आणि सरकारी मदत खात्यात जमा होईपर्यंत ती आली असं धरून लाइटवाल्याकडे उधारी करू नका. त्याला घरी जाऊन सांगायला खजिनदारालाच पाठवतात.