माजी विद्यार्थी संघ: यादी, नोंदणी आणि शाळेशी कामाचं नातं

व्हॉट्सॲप ग्रुप झाला, स्नेहमिलन झालं, की बरेच संघ तिथेच थांबतात. नागपुरातल्या आपल्या शाळेसाठी खरोखर काही करायचं असेल तर आधी यादी, मग शाळेशी बोलणं, मग नोंदणी आणि शेवटी पैसा, हा क्रम मोडू नका. वर्गणी आधी गोळा झाली की ती कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पडून राहते आणि पहिलं भांडण तिथूनच पेटतं.

यादीचा आधार म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंदवही. त्यात जात, जन्मतारीख सगळं असतं, म्हणून पानांचे फोटो काढत सुटू नका. मुख्याध्यापकांच्या परवानगीने ऑफिसात बसून नाव, रजिस्टर क्रमांक आणि शाळा सोडल्याचं वर्ष एवढंच उतरवून घ्या. मुलींची नावं माहेरची असतात. त्यामुळे सभासद अर्जात ‘शाळेतलं नाव’ असा वेगळा रकाना हवाच, नाहीतर अर्ध्या बॅचची जुळणी होत नाही. आणखी एक गोची १९७५ ची: मॅट्रिक अकरावीवरून दहावीवर आली, म्हणून त्या एकाच वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन बॅच बाहेर पडल्या. त्या वेगळ्या नोंदवा. दर बॅचमागे दोन प्रतिनिधी पुरे.

शाळेशी बोलायचं म्हणजे नक्की कुणाशी? खाजगी अनुदानित शाळेत इमारत शाळा चालवणाऱ्या संस्थेची आणि रोजचा कारभार मुख्याध्यापकांचा. पत्र संस्थेच्या सचिवांना द्या, प्रत मुख्याध्यापकांना, आणि दोन्हींवर पोच घ्या. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाकडून लेखी परवानगी लागेल. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार त्यांच्या निवृत्तीबरोबर संपतो. कोणती खोली, कोणत्या वेळी, किल्ली कुणाकडे, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच पानावर हेही लिहा की प्रवेश, निकाल आणि शिक्षक भरती यांत संघ पडणार नाही. ‘आपल्या माणसाच्या पोराचं ॲडमिशन बघा ना’ हा एक फोन वर्षभराचे संबंध नासवतो.

नोंदणीला किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास, अशी दुहेरी नोंदणी नागपूरच्या धर्मादाय कार्यालयातून होते. उद्देशपत्रिका, नियमावली, कार्यकारिणीची ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. पत्ता शाळेचा देणार असाल तर शाळेच्या संस्थेचं नाहरकत पत्र हवं. शाळेचं नाव वापरण्यासाठीही ते आधीच मागून घ्या.

संघ बंद पडतात ते नोंदणीनंतर. निवडणूक झाली की ९० दिवसांत नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, आणि तोच राहून जातो. मग दोन-तीन कार्यकारिण्या बदलल्यावर शेड्यूल वनच्या, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं निघतात, त्यांतला एखादा हयातही नसतो, आणि बँक नव्या सह्या घेत नाही. निवडणुकीच्या सभेतच अर्जावर सह्या घेऊन टाका. हिशेब ३१ मार्चला बंद करून सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण उरका. बँक खातं तिघांपैकी दोघांच्या सहीचं ठेवा.

परदेशातल्या वर्गमित्राने पैसे पाठवतो म्हटलं तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. देणगीदाराला आयकरातली ऐंशी-जीची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही. ट्रान्सफर किंवा चेकच घ्या.

आता शाळेला द्यायचं काय? वस्तू ठरवून जाऊ नका, मुख्याध्यापकांकडून गरजांची लेखी यादी मागा. सरकारी आणि अनुदानित शाळा ती केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही टाकू शकतात. सगळ्यात जास्त फसतात ते वॉटर प्युरिफायरमध्ये. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं मीटर लावा. नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी असेल आणि आकडा ५०० च्या आत असेल तर आरओ लागत नाही, यूव्हीवर भागतं. आकडा त्याहून वर गेला, जे बोअरच्या पाण्यात होऊ शकतं, तरच आरओ घ्या आणि तो फेकतो ते पाणी मुतारीच्या टाकीकडे वळवा. फिल्टर बदलले नाहीत की यंत्र शोभेचं होतं; म्हणून देणगीच्या वेळीच तीन वर्षांच्या देखभालीचा करार करा. कूलरचा मोह नागपुरात सगळ्यांनाच होतो, पण ऐन मे महिन्यात शाळाच बंद असते. आधी पंखे आणि वायरिंग बघा. वस्तू पोचली की शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या आणि पान क्रमांक आपल्या पावतीवर उतरवा. नोंद नसलेली वस्तू नव्या मुख्याध्यापकांच्या काळात कोठीत जाते आणि मग तिचा वाली कुणी नसतो.

शिष्यवृत्तीसाठी मुलं शिक्षकांनीच निवडावीत; संघाने फक्त निकष लिहून द्यावेत. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाका. गरिबीच्या कारणाने मदत घेणाऱ्या मुलाला चेक हातात देऊन फोटोला उभं करायचं नाही, हे नियमावलीतच घाला.

स्नेहमिलनाची तारीख धरताना दोन आठवडे टाळा: विजयादशमीचा, कारण दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि गाड्या-हॉटेलं भरतात, आणि डिसेंबरातला हिवाळी अधिवेशनाचा. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार बरा पडतो. तुळशीचं लग्न लागलं की हॉल मिळत नाहीत, म्हणून शाळेचंच पटांगण मागा. जेवणाचा आकडा ‘येतो’ म्हणणाऱ्यांचा नव्हे, पैसे भरलेल्यांचा धरा. सकाळच्या तर्री पोह्यांना शंभर जणांमागे साधारण नऊ किलो पोहे आणि चार किलो काळे हरभरे लागतात. हरभरे आदल्या रात्री भिजत घालायला सांगा. निवृत्त गुरुजींना आणि बाईंना निमंत्रण फोनवर देऊ नका. घरी जा, न्यायला-सोडायला कोण येणार त्याचं नाव आणि नंबर कार्डावर लिहून द्या, आणि त्यांची खुर्ची स्टेजवर नको, खाली पहिल्या रांगेत ठेवा. पायऱ्या चढणं बऱ्याच जणांना जमत नाही आणि ते सांगतही नाहीत.