डासांच्या अळ्यांची पाहणी कशी करावी

गडचिरोली जिल्ह्यात, विशेषतः भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतील माडिया गोंड वस्त्यांमध्ये, हिवताप हा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा नेहमीचा पाहुणा आहे. तेथील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना या रोगाचा अभ्यास पुस्तकाबाहेर करायचा असेल, तर सुरुवात पाण्यापासून करावी.

प्रथम ग्रामसभेची आणि गावातील वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि त्याच बैठकीत पाणी कोठे, किती दिवस साचते ते विचारून कच्चा नकाशा काढावा. ओढ्यातील डबकी, धानाच्या बांध्या आणि मातीसाठी खणलेले खड्डे त्यांना जितके ठाऊक असतात तितके कोणत्याही सरकारी नकाशात सापडत नाहीत.

पाहणीसाठी लांब दांड्याला बांधलेला पांढरा वाडगा, वही आणि भिंग पुरेसे आहे. शिक्षक सोबत असावेत आणि ओढ्याला पूर असताना तिकडे फिरकू नये. पाण्यावर आपली सावली पडली की अळ्या तळाशी बुडी मारतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड करून काठाशी उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि वाडगा तिरका धरून, गवताच्या कडेचे पाणी आपोआप आत येईल इतकाच बुडवावा. घाईने बुडवलेल्या वाडग्यात बहुधा गढूळ पाणीच येते.

यानंतरचे काम सर्वांत रंजक आहे. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी ॲनॉफिलीस डासाची असते. शेपटाकडील श्वसननलिका वर व डोके खाली ठेवून तिरकी लोंबकळणारी अळी क्युलेक्स किंवा एडिस डासाची असते. हिवताप केवळ ॲनॉफिलीस पसरवतो. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचा परोपजीवी याच डासाच्या जठरात दिसला होता. स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष वेगळे मोजावेत, कारण त्यांतून एक-दोन दिवसांत डास बाहेर पडणार असतो.

प्रत्येक जागी ठरावीक वेळा, समजा २० वेळा, वाडगा बुडवावा. त्यांत ४६ अळ्या मिळाल्या, तर घनता ४६ ÷ २० म्हणजे प्रति वाडगा २.३ इतकी होते. अळी न सापडलेल्या जागेचीही शून्य अशी नोंद करावी. विद्यार्थी हीच नोंद बहुतेक वेळा गाळतात. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून पाहणी दर आठवड्याला करावी.

घरोघरी प्रश्न विचारताना दोष देणारी भाषा टाळावी. कीटकनाशक फवारलेली भिंत सणासाठी पुन्हा सारवली गेली, किंवा पिकाच्या राखणीसाठी शेतात मुक्काम असल्याने मच्छरदाणी घरीच राहिली, तर त्यामागचे कारण जसे सांगितले तसेच लिहावे. तयार तक्ता आधी ग्रामसभेपुढे आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावा. एखाद्या घरी कोणी तापाने फणफणलेले दिसल्यास वही बाजूला ठेवून त्याच दिवशी आशाताईंना कळवावे. रक्ताची तपासणी त्या करतील, विद्यार्थ्यांनी कोणाच्या बोटाला सुई लावू नये.