बांधामागचा पाझर बुजवायचा नसतो

ओढ्यावर मातीचा बांध घालून हौसेचा तलाव केलेले बरेच जण आता दिसतात. दोन बोटी, चार बदकं, काठावर झोपाळा. फोटो झकास येतात. बांधाकडे मात्र तो फुटेपर्यंत कोणी वळून बघत नाही. आमचा बांध मावळात आहे, 5 मीटर उंच आणि 90 मीटर लांब. ओळखीच्या आणखी दोघांचे बांधही दरवर्षी मीच बघतो. धरण सुरक्षा कायदा 2021 साली आला, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही मोठ्या धरणांना लागू होतो. आपल्या बांधावर सरकारी साहेब तपासणीला येणार नाही. जे बघायचं ते आपणच बघायचं.

खालचं सगळं मातीच्या बांधाबद्दल आहे. दगडी आणि काँक्रीटच्या बंधाऱ्यांची दुखणी वेगळी असतात.

एप्रिल-मे: झाडं आणि बिळं

घाणेरी, रुई, बेशरम, बाभळीची रोपं मनगटाएवढी व्हायच्या आत मुळासकट उपटा. झाड मोठं झालं असेल तर नुसतं बुंध्यातून कापून सोडू नका. मूळ आत कुजतं आणि पाण्याला तयार बोगदा मिळतो. पाणी तळाला गेलं की मुळं खणून काढा आणि खड्डा चांगल्या मातीने भरा: वीतभर थर, थोडी ओल, धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकणं, मग पुढचा थर. ‘सावलीसाठी बांधावर आंबे लावा’ असं सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. बांधावर फक्त हरळी. तीही कापलेली, नाहीतर बिळं दिसत नाहीत.

घूस, साळिंदर, घोरपड, खेकडे, कोणाचंही बीळ असो, शेवटपर्यंत खणा आणि वरच्याच पद्धतीने भरा. तोंडाशी दगड कोंबणं म्हणजे जखमेवर चादर टाकणं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं आणि राज्यभर चेष्टा झाली. खेकडे बांध पोखरतात हे खरंच आहे. पण गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते आणि तक्रार ऐकणं हे काही खेकड्यांचं काम नव्हे.

काळ्या मातीच्या माथ्यावर उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या खणून, माती ओलवून, ठोकून घ्या आणि वर मुरमाचा थर द्या.

सांडवा

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जायची वाट. सांडव्यात काहीही नको. मासे वाहून जातात म्हणून जाळी नको, बोटिंगला फूटभर पाणी जास्त मिळावं म्हणून फळ्या नकोत, पोती तर नकोतच. पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा आणि फांद्या जाळीला अडकतात, जाळीची भिंत होते आणि पाणी माथ्यावरून जायला लागतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं, काही तासांत बांध कापला जातो. मासे हवे असतील तर दरवर्षी बोटुकली सोडा, ती बांधापेक्षा स्वस्त पडतात.

पाझर

आता मुख्य गोष्ट. याच पायरीवर मी सपशेल आपटलो होतो.

पहिल्याच पावसाळ्यात बांधाच्या मागच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या, पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली. एका ठेकेदाराने छातीठोक सांगितलं, सिमेंट मारा, बंद होईल. तीन गोण्या सिमेंट घातलं. दोन दिवस ठणठणीत कोरडं. मी सगळ्यांना फोन करून सांगितलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी चार फूट वर, चढावर, गवतात चप्पल रुतली. पाय काढला तर खड्ड्यात पाणी, आणि शेजारून नवी धार, दुधाच्या चहाच्या रंगाची.

गावातले एक म्हातारे गृहस्थ, जन्मभर तलावांच्या कामावर मिस्त्री होते, त्यांना बोलावलं. त्यांनी धारेकडे पाहिलंही नाही. माझ्या सिमेंटकडे पाहिलं आणि म्हणाले, “पहार आण. हे आधी फोड.”

झालं होतं ते असं. मातीचा बांध पाझरतोच. पाणी तलावाच्या बाजूने आत शिरतं आणि मागच्या पायथ्याशी बाहेर पडतं. बाहेरचं तोंड बंद केलं की ते आतच चढतं, मागचा उतार भिजून मऊ पडतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. त्या वाटेने ते मातीचे कण घेऊन निघालं की मागून तलावाच्या दिशेने पोकळी सरकत जाते. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. दिसतो तो फक्त पाण्याचा रंग.

म्हणून धार दिसली की आधी काचेचा पेला घ्या. भरा, कट्ट्यावर ठेवा, तासाने बघा. तळाशी गाळ नसेल तर घाबरू नका, पण लक्ष ठेवा. गाळ बसला असेल तर त्याच दिवशी कामाला लागा. ‘पाऊस पडला म्हणून गढूळ आलं असेल’ हे स्वतःला सांगू नका, मी सांगितलं होतं. पायथ्याला कधी नव्हे ते पाणकणीस उगवलं असेल तर तिथे धार नसली तरी पाझर आहे, हेही ध्यानात ठेवा.

करायचं काय, तर पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची. धारेभोवतीचा चिखल आणि गवत हलक्या हाताने काढा, खोल खणू नका. त्यावर धुतलेली जाडसर वाळू, निदान वीतभर, आणि धारेच्या चारही बाजूंना हातभर पसरलेली. गिलाव्याची बारीक वाळू चालणार नाही, ती पाण्याबरोबर निघून जाते. वाळूवर बोटाच्या पेराएवढी खडी, तिच्यावर मोठी खडी, सगळ्यात वर डबराचं वजन. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी खडी टाकलीत, तर खडीच्या फटींतून बांधाची माती खुशाल निघून जाईल. आमच्याकडे याला दीड ब्रास माल लागला. संध्याकाळपर्यंत धार तेवढीच होती, पण पेला स्वच्छ. म्हातारबाबा म्हणाले, “आता वाहू दे,” आणि घरी गेले.

जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत असेल आणि भोवती वाळूचं वारूळ साचत असेल, तर वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचा. आतलं पाणी चढू द्या. ते स्वच्छ यायला लागलं की तिथेच थांबा आणि एका बाजूने त्याला वाट ठेवा. पूर्ण थांबवायच्या भानगडीत पडलात की ते कड्याच्या बाहेर फुटेल.

धार पाइपाच्या कडेने येत असेल तर माझा हा लेख बाजूला ठेवा आणि पाणी उतरवायला लागून अभियंता बोलवा. बांधातून पाइप जातो तिथे माती नीट ठोकली जात नाही, सगळ्यात कच्ची जागा तीच. 12 जुलै 1961 ला फुटलेलं पानशेत मातीचंच धरण होतं. विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडायच्या वाटेच्या) वरचा बांध खचत गेला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही तो वाचला नाही.

पाणी उतरवतानाही घाई नडते. भिजलेल्या बांधासमोरचं पाणी झपकन काढलं तर आतल्या बाजूचा उतार ढासळतो. नेहमीच्या कामासाठी दिवसाला फूटभर पुरे. बांध जायच्या बेतात असेल तर मात्र हा हिशोब सोडा. पंप, सायफन, जे असेल ते लावा, आणि त्याहीआधी ओढ्याखालच्या घरांना आणि पोलीस पाटलांना फोन करा. ते नंबर पंपघराच्या दारावर रंगवून ठेवा, मोबाइल ऐनवेळी चार्ज नसतो.

पाझर मोजणं

पायथ्याच्या चरीत पत्र्याची फळी आडवी उभी करा आणि तिला काटकोनी खाच पाडा, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. खाचेतून 5 सेंमी पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, 10 सेंमी असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त. उंची मोजताना पट्टी खाचेच्या तोंडाशी नको, हातभर मागे धरा. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्याला, वहीत तलावाची पातळी आणि पाझर शेजारीशेजारी लिहा. पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा पातळी चढली आणि पाझर अचानक आटला, तर दोन्हींचा अर्थ एकच: आत काहीतरी हललंय.

माणसं

सांडव्याच्या वरच्या बाजूला फ्लोटची दोरी बांधा, तिच्यापुढे बोट नाही आणि पोहणं नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय नाही, पोहता येणाऱ्यांनाही नाही, आणि प्यायलेल्या पाहुण्याला तर काठही नाही. मोठी गिऱ्हाइकं गेली आमची यामुळे, जाऊ देत. काठावर खुंटीला हवा भरलेली ट्यूब आणि 20 मीटर दोरी कायम टांगलेली हवी. पोरं ट्यूब खेळायला नेतात, म्हणून दोन ठेवा. शेजारी प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर त्याला आधी कुंपण घाला आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडा. ओल्या प्लास्टिकवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

दिवाळीनंतर

पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन माथा दर पाच मीटरवर मोजा. मधेच चार बोटं खाली भरला तर तो खचलाय, आणि पाणी तिथूनच पहिलं जाणार. मुरूम टाकून उंची सारखी करा, पण आधी त्या जागेच्या बरोबर मागे, पायथ्याशी पेला घेऊन जाऊन या.