व्हायोलिनवर कॉर्ड शिकायचेत? आधी उजव्या कोपराकडे बघा

गिटार वाजवणारे व्हायोलिन हातात घेतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, यावर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक सूर, वाजतात का? वाजतात की, पण गिटारसारखे नाही. गिटारच्या तारा जवळजवळ सपाट रांगेत असतात, व्हायोलिनची घोडी म्हणजे ब्रिज मात्र वरून कमानीसारखा गोल, त्यामुळे गजाला म्हणजे बोला एका वेळी दोन तारा आरामात मिळतात, जोर दिला तर क्षणभर तीन, आणि चारही तारा एकदम धरून ठेवता येत नाहीत. बाख या जर्मन संगीतकाराने 1720 मध्ये एकट्या व्हायोलिनसाठीच्या सोनाटा आणि पार्टिटा या रचना स्वच्छ लिहून काढल्या, त्यात चार-चार सुरांचे कॉर्ड आहेत, तेसुद्धा आज बहुतेक वादक दोन-दोन तारांत तोडूनच वाजवतात. म्हणजे दोन तारा नीट वाजल्या की निम्म्याहून जास्त काम झालं.

मी सुरुवातीला कॉर्डचा तक्ता भिंतीला लावून नुसती बोटं पाठ करत बसलो होतो, दोन महिने गेले आणि आवाज खरखरीतच, कारण उजवा हात काय करतोय इकडे लक्षच नव्हतं. म्हणून सांगतो, पहिला आठवडा डावा हात लावूच नका. जी, डी, ए, ई या खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंतच्या चार सुट्या (बोट न ठेवलेल्या) तारा आणि त्यांच्या मधल्या तीन जोड्या, म्हणजे गजाच्या एकूण सात पातळ्या झाल्या. जी तारेला कोपर सगळ्यात वर, ई ला सगळ्यात खाली, आणि जोडी वाजवताना बरोबर दोघींच्या मधे. आता जी आणि डी एकत्र धरून गज टोकापासून मुठीपर्यंत (जिथे तो हातात धरतो ते टोक) सावकाश न्या. मधेच एक तार गायब झाली तर कोपर हललंय असं समजा, जोर वाढवू नका, नुसतं कोपर केसभर वर-खाली करा. दोन तारांना दुप्पट जोर लागतो हा सगळ्यांचा गैरसमज असतो, खरं तर हाताचं वजन तेवढंच, ते फक्त दोघींत वाटलं जातं.

मग डावा हात. ए तारेवर तिसरं बोट (तर्जनी पहिलं, म्हणजे हे अनामिका) ठेवलं की वरचा डी मिळतो, तो सुट्या डी सोबत वाजवा, सा आणि तार सा. बोट जरा जरी चुकलं तरी आवाज थरथरतो, बरोबर बसलं की दोन्ही मिळून एकच वाटतात. बोटं कमानीत उभी ठेवा, आडवं पडलेलं बोट शेजारच्या सुट्या तारेला चिकटतं आणि ती मुकी होते. सराव असा करायचा की बोटं दोन्ही तारांसाठी ठेवायची, गज मात्र आधी फक्त खालच्या सुराच्या तारेवर, मग फक्त वरच्या, मग दोन्हीवर. कंटाळवाणं आहे, पण नेमका कुठला सूर बिघडलाय हे असंच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तारा नीट लावून घ्या, ए तारेवर पहिलं बोट ठेवा, हा बी. तो सुट्या ई सोबत वाजवा आणि अगदी स्वच्छ होईपर्यंत जुळवा. आता बोट जराही न हलवता तोच बी सुट्या डी सोबत वाजवा. बेसूर! बोट किंचित मागे, खुंट्यांच्या दिशेने सरकवलं की मग जुळतो. फरक सेमीटोनच्या, म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या सगळ्यात लहान अंतराच्या, साधारण पाचव्या भागाएवढा आहे. तुमची काही चूक नाही, डी ला सा धरलं तर हा बी म्हणजे शुद्ध धैवत, आणि धैवताच्या दोन श्रुती, म्हणजे किंचित वर-खाली अशा दोन जागा, आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेल्या असतात, तंबोऱ्यावर बसलेल्यांना तर हे लगेच पटेल. म्हणून बोटाची जागा दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या कॉर्डसाठी उपयोगाच्या नाहीत, बी कुठे आहे हे सोबत कोण वाजतंय त्यावर ठरतं. अजून एक खूण, वाजवत असलेले दोन सूर मोठ्या आवाजात अगदी बरोबर जुळले की खाली एक तिसरा खर्जातला सूर कानात घुमतो, जो कोणी वाजवतच नसतं. 18व्या शतकात तार्तिनी हा इटालियन वादक आपल्या शिष्यांना हाच सूर ऐकायला लावायचा.

एवढं झालं की पहिला पूर्ण कॉर्ड, जी मेजर, म्हणजे जी, बी आणि डी या सुरांचा. जी आणि डी सुट्या, ए वर पहिलं बोट, ई वर दुसरं बोट पहिल्याला अगदी लागून. गज आधीच तारांवर टेकवून ठेवा, हवेतून आपटू नका. मुठीजवळून सुरू करून खालच्या दोन तारा (जी आणि डी) थोडक्यात, मग कोपर खाली आणत वरच्या दोन, आणि तिथे गज मोकळा सोडा. खालची जोडी ठोक्याच्या किंचित आधी येते, वरची ठोक्यावर, म्हणजे चाल तुटत नाही. डी मेजर याहून सोपा, डी आणि ए सुट्या, ई वर पहिलं बोट, तीनच तारा. तिन्ही एकदम हव्या असतील तर गज घोडीपासून थोडा दूर, बोटं ठेवायच्या काळ्या पट्टीकडे न्या, तिथे मधली तार सहज दबते आणि तिन्ही जवळपास एका पातळीत येतात. ए मेजरला मात्र जी आणि डी या दोन तारा एकाच पहिल्या बोटाने दाबाव्या लागतात, तो महिनाभर बाजूला ठेवला तरी चालेल.

बसून हिंदुस्तानी पद्धतीने वाजवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तुमच्या तारा बहुतेक सा-प अशा जोड्यांत लावलेल्या असणार, त्यावर वर सांगितलेली बोटं जुळणार नाहीत. एक तर तारा जी-डी-ए-ई ला लावून घ्या, नाहीतर त्याच लावणीत सुटी सा तार चालू ठेवून शेजारच्या तारेवर एकेक सूर लावत जा. रोज 10 मिनिटं पुरे, डावा अंगठा दुखायला लागला की थांबा, तो व्हायोलिनची मान आवळून धरतोय.