व्हिडिओ कॉलवरची थेरपी: रोजच्या कामांपासून सुरुवात कशी करावी

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलाला थेरपीला न्यायचं म्हणजे घरातल्या एका माणसाचा अख्खा दिवस जातो. एसटी, रिक्षा, मुलाला कडेवर घेऊन जिने, रांग, आणि पाऊण तासाच्या थेरपीनंतर तोच प्रवास परत. हातावरचं पोट असेल तर खाडा पडतो तो वेगळाच. मग आठवड्याची थेरपी पंधरवड्यावर जाते, पंधरवड्याची महिन्यावर, आणि एक दिवस बंदच पडते. अशा घरांना व्हिडिओ कॉलवरची थेरपी खरोखर उपयोगी पडू शकते. पण नुसता फोन लावून भागत नाही. मूल मोबाइलसमोर कंटाळून रडतं, पलीकडून सूचना येत राहतात आणि चार-सहा कॉलनंतर घरचे म्हणतात, 'ऑनलाइन काही होत नाही.'

ते टाळण्यासाठी मी पालकांना एकच गोष्ट सांगते: कॉलवर व्यायाम करून घेऊ नका, रोजचं एखादं काम धरा. जेवण, शर्ट घालणं, दात घासणं, दप्तर उघडणं. थेरपिस्टचा हात पडद्यातून मुलापर्यंत पोहोचत नाही, हे खरं. पण तुमचं स्वयंपाकघर, तुमची मोरी, मुलाचं रोजचं ताट दवाखान्यात कधीच दिसत नाही; कॉलवर ते सगळं समोर असतं.

यामागे अभ्यासही आहे. ऑस्ट्रेलियातल्या इओना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. ठरवलेल्या कामाचा थेट सराव आणि नीट आखून दिलेला घरचा सराव हे त्यात परिणामकारक उपचारांमध्ये आले. कॅनडात 2011 साली 128 लहान मुलांवर झालेल्या एका चाचणीत एका गटात मुलाच्या शरीरावर काम केलं, दुसऱ्या गटात काम करण्याची पद्धत आणि आजूबाजूची मांडणी बदलली. दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखीच झाली. म्हणजे वाटी, खुर्ची, शर्टाची बटणं बदलणं ही पळवाट नव्हे, तोही उपचारच आहे.

पहिली पायरी: एकदा तरी प्रत्यक्ष भेट

कॉल सुरू करण्यापूर्वी मुलाला एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. स्नायू किती ताठ आहेत, सांधे कुठपर्यंत वळतात, खुबा जागेवर आहे का, हे पडद्यावर कळत नाही. खुब्यासाठी तर एक्स-रेच लागतो, आणि चालू न शकणाऱ्या मुलांमध्ये तो ठरावीक काळाने पुन्हा काढावा लागतो. पायाच्या स्प्लिंटचं, म्हणजे पाय नीट ठेवणाऱ्या आधाराचं, मापही हातानेच घ्यावं लागतं.

कुठे जायचं हा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार देणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं उभी राहिली आहेत. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी, आपल्याकडे नवी नाही. कमलाताई निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये तिचं शिक्षण सुरू केलं. थेरपिस्ट महाराष्ट्रातला असेल तर राज्य परिषदेकडची त्याची नोंदणी विचारून घ्या. ऑनलाइन जाहिराती बघून पैसे भरण्याआधी हे जरूर करा.

दुसरी पायरी: एकच काम निवडा

'त्याने चालावं', 'तिने सगळं स्वतः करावं' ही इच्छा प्रत्येक घरात असते आणि ती रास्तच आहे. पण सरावाला ती पुरत नाही. काम इतकं नेमकं लिहा की शेजारणीने वाचलं तरी तिला कळेल. उदाहरणार्थ: 'दोन महिन्यांत मुलीने रात्रीच्या जेवणात वाटीतला निम्मा दहीभात स्वतःच्या हाताने चमच्याने खावा. वाटी कोणी धरायची नाही.'

मूल बोलू शकत असेल तर त्यालाच विचारा. बोलत नसेल तर दोन वस्तू समोर धरा आणि नजर कुठे जाते ते बघा. आईला अंघोळ महत्त्वाची वाटते आणि मुलाला सायकलची घंटी वाजवायची असते. अशा वेळी मी घंटीच्या बाजूने असते, कारण ज्यात मुलाचा जीव आहे त्याचाच सराव टिकतो.

तिसरी पायरी: कॉलच्या आधी व्हिडिओ पाठवा

मूल ते काम सध्या कसं करतं याचं दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून थेरपिस्टला पाठवा. मदत करू नका, 'अगं नीट धर' म्हणू नका, सांडलं तर सांडू द्या. जागेचाही व्हिडिओ काढा: मूल कुठे बसतं, मोरीला उंबरा किती उंच आहे, संडास भारतीय आहे की कमोड. कॉलवर अर्धा वेळ ज्या प्रश्नांत जातो ते असे आधीच सुटतात.

रेंज नसलेल्या गावांत तर हाच मुख्य मार्ग. दिवसा चित्रण करून ठेवा, रेंज मिळेल तिथे पाठवा, आणि त्यावर साध्या फोनवर बोला. थेट व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे असं नाही.

अंघोळ आणि संडास यांचं चित्रण मात्र कधीही करू नका. कपडे अंगावर ठेवून, पाणी न घेता, कोरड्या मोरीत स्टुलावर बसण्या-उठण्याची तालीम दाखवली तरी थेरपिस्टला पुरतं. कॉल रेकॉर्ड होणार आहे का, व्हिडिओ कोण बघणार, तो कधी पुसणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याचीही परवानगी घ्या.

चौथी पायरी: मोबाइल आणि वेळ

मोबाइल हातात धरायचा नाही, कारण तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. डब्यांच्या चळतीला टेकवून, आडवा, मुलाच्या छातीच्या उंचीवर ठेवा. जेवणासाठी समोरून थोडा तिरका, बसणं-उठणं दाखवायला अगदी बाजूने. उजेड मुलाच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको.

वेळ त्या कामाचीच घ्या. जेवणाचा सराव असेल तर कॉल जेवणाच्या वेळी. भूक नसलेल्या मुलाला चार वाजता दहीभात खायला लावून काही शिकवता येत नाही.

पाचवी पायरी: आधी बैठक, मग हात

बहुतेक घरांत सगळं लक्ष हाताकडे असतं. धड डळमळत असेल तर मूल हातानेच तोल सांभाळतं, मग चमचा कुठल्या हाताने धरणार? म्हणून कॉलवर पहिलं काम बैठकीचं. पार्श्वभाग खुर्चीत मागपर्यंत टेकलेला, गुडघे काटकोनात, आणि पावलं पूर्ण टेकलेली. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीचं हवं. खुर्ची नसेल तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवा, दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेल्या चादरी लावा आणि समोर चौरंग ठेवा. पाटाखाली अजून एक घडी घालायची की काढायची, हे थेरपिस्ट बाजूने बघून सांगेल.

सहावी पायरी: कॉलवर काय करायचं

दहीभाताचंच उदाहरण पुढे नेते. पातळ वरण चमच्यातून सांडतं. घट्ट दहीभात चमच्याला चिकटून राहतो, म्हणून सुरुवात त्याने. वाटी खोलगट आणि जड घ्या, खाली ओलं फडकं घडी करून ठेवा, म्हणजे ती सरकत नाही. चमच्याचा दांडा फडकं गुंडाळून किंवा सायकलच्या मुठीचं रबर चढवून जाड करा.

तुम्ही मुलाच्या मागे किंवा चमचा धरलेल्या हाताच्या बाजूला बसा, समोर नको. समोर बसलं की आपण भरवायलाच लागतो. सुरुवातीला तुमचा हात मुलाच्या हातावर. जमू लागलं की आधार मनगटाला, मग कोपराला, मग नुसतं बोट. आधार कधी मागे घ्यायचा हे थेरपिस्ट पाहत असतो. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा एक घास आधीच तो 'सोडा' म्हणेल. सोडा.

कपड्यांची रीत वेगळी आहे. एक बाजू अशक्त असेल तर शर्ट घालताना आधी अशक्त हात बाहीत, आणि काढताना आधी चांगला हात बाहेर. हा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा, नाहीतर मुलाचा गोंधळ होतो. शिकवताना सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करा. टी-शर्ट डोक्यातून आणि दोन्ही हातांतून तुम्ही घाला, पोटावरून खाली ओढायचं काम तेवढं मुलाचं. ते जमलं की एक हात मुलाचा, मग दोन्ही. असं केलं की प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पुरं होतं. त्याचा चेहरा बघितलात की मी याच पद्धतीचा आग्रह का धरते ते कळेल.

कॉल अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबवू नका. शेवटची पाच मिनिटं मुलाला खेळायला सोडा आणि तुम्ही थेरपिस्टला सरावाचे टप्पे परत सांगा. तुम्हाला सांगता आले, म्हणजे पुढचे दिवस निभतील.

सातवी पायरी: दोन कॉलच्या मधले दिवस

खरी थेरपी इथेच होते, आणि इथेच ती मोडते. शाळेची व्हॅन खाली उभी असताना कोणाला बटणांचा सराव सुचेल? तेव्हा घाला तुम्हीच, अपराधी वाटून घेऊ नका. सराव संध्याकाळी कपडे बदलताना करा. जेवणाचा सराव दिवसातल्या एकाच जेवणाला, आणि तेही पहिले पाच-सात घास. थकल्यावर उरलेलं भरवा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारा आजार) असेल तर ही मर्यादा काटेकोर पाळा, तिथे दमेपर्यंत सराव मुळीच करू नये.

आजीला कॉलला बसवा. लेकरू उपाशी राहील या काळजीने ती भरवते, आणि तिची माया चुकीची नाही. थेरपिस्टने तिच्याशी थेट बोललं, 'आजी, पहिले पाच घास तुम्ही नुसतं बघायचं' असं काम तिच्याकडे सोपवलं, तर घरातली सर्वांत चिकाटीची मदतनीस तीच होते.

कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा: किती घास स्वतः, आधार कुठे. एवढी नोंद पुरे. सहा-आठ आठवडे नियमित सराव करूनही आकडा हलत नसेल, तर मुलाला दोष देण्याआधी काम फार मोठं निवडलंय का ते थेरपिस्टसोबत तपासा.

कॉल थांबवून दवाखाना कधी गाठायचा

जेवताना वारंवार ठसका, घासानंतर घशात पाणी असल्यासारखा घरघरता आवाज, परत परत न्यूमोनिया, वजन घटणं: यांपैकी काहीही दिसलं तर चमच्याचा सराव बंद करा आणि गिळण्याची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. भरवताना मान मागे टाकून घास घालायचा नाही, हनुवटी किंचित खाली हवी. नवीन झटके, मांडी फाकवताना रडणं, एक पाय आखूड वाटणं, येत असलेलं काम अचानक न येणं, यांतही कॉलवर विसंबू नका.

खर्च आणि शाळा

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो. ऑनलाइन थेरपीची बिलं चालतील का, हे आधी विचारून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा.

काम घरी जमू लागलं की त्याचा छोटा व्हिडिओ वर्गशिक्षिकेला दाखवा. डब्यात तोच चमचा, खाली तेच फडकं, पायाखाली पाट. आणि मधल्या सुट्टीत पहिले पाच घास बाईंनी भरवायचे नाहीत, हे त्यांना नीट समजावून सांगा.