मित्रांसोबत गोव्यातल्या बेटांवर जाताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्याकडून आठ-दहा जणांचा ग्रुप गोव्यात उतरतो तेव्हा हॉटेल, गाड्या, जेवणाच्या जागा सगळं ठरलेलं असतं. भरती कधी, ओहोटी कधी, शेवटची फेरीबोट किती वाजता, हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं. बेटावरची सहल फसते ती बहुतेक वेळा इथेच. आम्ही गोव्यात राहणारी माणसं घरी आलेल्या पाहुण्यांना आधी पाण्याच्या वेळा सांगतो, जेवायला कुठे जायचं ते नंतर. हा लेखही त्याच क्रमाने लिहितोय.

सगळी बेटं सारखीच समजणं

गोव्यातलं ‘बेट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. पण दिवाडी आणि चोडण ही बेटं मांडवी नदीत आहेत. तिथे वस्ती आहे, भातशेती आहे, खाजन जमिनी (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनी) आहेत, पोहण्याजोगा किनारा नाही. ग्रँड आयलंड मुरगावच्या समोर खुल्या समुद्रात आहे, तिथे बोटीनेच जावं लागतं. दक्षिणेला पाळोळे किनाऱ्याच्या उत्तर टोकाला एक छोटं खडकाळ बेट आहे, तिथे ओहोटीला चालत जाता येतं. अंजदीव मात्र नौदलाच्या ताब्यात आहे, तिकडे जायचा विचारच नको.

यातली तीन बेटं एका दिवसात बसवायचा हट्ट अनेक ग्रुप करतात. पणजी ते पाळोळे सत्तर-एक किलोमीटर. गर्दीच्या दिवसांत निम्मा दिवस गाडीतच जातो आणि पोचल्यावर नेमकी भरती असते. एक दिवस, एक बेट. यात कुठेच तडजोड करू नका.

भरतीची वेळ न बघता पाळोळ्याच्या बेटावर चालत जाणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओहोटीला किनारा आणि बेट यांच्यामध्ये पाणी घोट्या-गुडघ्यापर्यंत उरतं. मंडळी चपला हातात घेऊन रमतगमत पलीकडे जातात, खडकांवर चढतात, फोटो काढतात. तेवढ्यात पाणी फिरतं. भरती लाटेसारखी अंगावर येत नाही, ती गुपचूप वाढते. आधी खडकांमधल्या फटी भरतात, मग वाळूचा पट्टा अरुंद होत जातो. परतताना गुडघ्याऐवजी कमरेपर्यंत पाणी लागतं, फोन डोक्यावर धरलेले, पायाखाली शेवाळलेले आणि कालवं चिकटलेले धारदार खडक. ज्याला पोहता येत नाही तो मधेच थबकतो आणि त्याच्यामागे सगळे अडकतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत ओहोटी जास्त खाली जाते आणि भरतीही जास्त चढते. शिवाय गोव्यात त्या दिवसांतली ओहोटी साधारण संध्याकाळी येते. म्हणजे उतरत्या उन्हात सहज पलीकडे जाता येतं, सूर्यास्त बघायला थांबावंसंही वाटतं, आणि परतायच्या वेळी अंधार आणि चढतं पाणी एकदमच गाठतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो. मग ओहोटीलाही मधलं पाणी पुरेसं उतरेलच असं नाही.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशोब कोकणात घरोघरी माहीत आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, वगैरे. पण गोव्यात भरती त्या हिशोबाच्या आधीच येते. त्यामुळे मुरगाव बंदराची त्या दिवसाची वेळ बघा आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्यालाही विचारा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परत या. ग्रुपमधल्या एकाने फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवावं.

ग्रँड आयलंडचं पॅकेज घाईत घेणं

किनाऱ्यावर कुणीतरी स्वस्तात डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, जेवण असं सगळं एकत्र देऊ करतो आणि ग्रुप लगेच पैसे काढतो. आधी विचारा: बोटीत किती माणसं बसणार? प्रत्येकाला अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट आहे का? पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं मिळणार? उत्तर देताना माणूस चुळबुळ करायला लागला तर दुसरी बोट बघा. जॅकेट धक्क्यावरच घालून, पट्टे ओढून बघा, भर समुद्रात नाही.

फोटोतल्यासारखं निळंशार पाणी इथे शोधू नका. मांडवी आणि झुआरी या नद्या गाळ घेऊन येतात, त्यामुळे गोव्याचं पाणी अंदमानसारखं नितळ नसतं. पावसाळा सरल्यानंतर, हिवाळ्यात ते त्यातल्या त्यात बरं असतं. हे आधी माहीत असलं की प्रवाळावरचे मासे दिसले तरी आनंद होतो. पावसाळ्यात या सहली बंद असतात. तरीही कुणी ‘नेतो’ म्हणाला तर जाऊ नका.

बोट लागते त्यांनी उपाशीपोटी निघू नये, आणि रात्रीच्या दारूवर तर मुळीच नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते: स्कूबा केल्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब घटल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. म्हणून डाइव्ह पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, परतीच्या सकाळी नको.

दिवाडी-चोडणला ‘लोकेशन’ समजून जाणं

फेरीबोट हा इथल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे. सकाळी पणजीकडे कामाला जाणारे, संध्याकाळी परतणारे, शाळेची मुलं, रुग्ण, सगळे तिच्यावरच अवलंबून. त्या वेळेत तुमच्या चार गाड्या रांगेत लागल्या की कुणाचा तरी घरी जायचा तास लांबतो. गाड्या अलीकडे ठेवा आणि दुपारच्या निवांत वेळेत पायी किंवा दुचाकीवरून जा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो. तो बघायचा असेल तर खुशाल या, पण चारचाकी आणूच नका.

बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. ओल्या रॅम्पवर दुचाकीचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतंच. दुचाकी भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे दहा जणांनी स्पीकर घेऊन जाणं म्हणजे पक्षी उडवून लावायलाच जाणं. दोघे-तिघे करून, भल्या सकाळी, गप्प राहून जा. ओहोटी असेल तर खारफुटीच्या मुळांमधल्या चिखलात निवटे टुणटुण उड्या मारताना दिसतील. हा मासा पाण्याबाहेर, चिखलावर फिरतो! डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

दिवाडीला जुन्या गोव्याकडून गेलेले बहुतेक लोक त्याच बाजूने परततात. मराठी माणसाने तरी पलीकडची नार्वेची फेरी घ्यावी. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर होतं. पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देव पैलतीरी नार्वेला नेला गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मूळ स्थान आणि आजचं देऊळ या दोन्हींच्या मध्ये फक्त नदी आहे, आणि ती फेरीबोटीतून ओलांडताना हा सगळा इतिहास नकाशासारखा समोर उलगडतो.

खाडीत पोहायला मात्र उतरू नका. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, आणि हे पाणी सगळं एकमेकांना जोडलेलं आहे.

तिकिटं काढताना

रेल्वेने येत असाल तर डोळे झाकून मडगाव घेऊ नका. दिवाडी-चोडणसाठी करमळी स्टेशन जवळ पडतं, पाळोळ्यासाठी काणकोण. तुमची गाडी तिथे थांबते का ते बघा. विमानाने येणाऱ्यांनी मोपा की दाबोळी हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. मोपा अगदी उत्तरेला, पाळोळे अगदी दक्षिणेला.

तरीही अडकलात तर

पाळोळ्याच्या बेटावर पाण्याने वेढलं गेलात तर अंधारात पाण्यात उतरू नका. उंच, कोरड्या खडकावर एकत्र थांबा, ११२ ला फोन करा आणि टॉर्च दाखवत राहा. होडी नाहीच आली तर पुढची ओहोटी साधारण सहा तासांत सुरू होऊन पाणी उतरू लागतं. तेवढा वेळ फोनची बॅटरी राखा.

चोडणहून शेवटची फेरी चुकली तर मयेच्या बाजूने रस्ता आहे, लांबून का होईना पणजी गाठता येते. ओला-उबर इथे चालत नाहीत, म्हणून दिवसाच एका टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. दिवाडीला मात्र पूल नाही. तिथे फेरीबोटीतून उतरल्या उतरल्या कर्मचाऱ्यांना शेवटच्या खेपेची वेळ विचारा आणि तिच्या आधीच्या खेपेने परता.