देवचाराची चूड दिसली तर नोंद कशी घ्यावी

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ गावांत रात्री सीमेवरून उजेड सरकताना दिसला की जुनी माणसे म्हणतात, देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, चूड (पेटती मशाल) घेऊन राखणेला निघाला. ही श्रद्धा मोडायच्या भानगडीत पडू नका. उजेड मात्र नीट नोंदवा, कारण दिशा आणि वेळ नसलेली हकीगत चार घरे फिरली की तपासता येत नाही.

उजेडामागे जाऊ नका. अंधारात अंतराचा अंदाज हमखास चुकतो, आणि पायाखाली फुरसे असू शकते. अंगणातच एक काठी रोवा. दुसरीला पांढरी चिंधी बांधा आणि सोबत्याला ती पाच मीटर पुढे, बरोबर उजेडाच्या रेषेत रोवायला सांगा. वेळ लिहा. सकाळी त्याच रेषेत पाहिले की बहुधा रस्त्याचे वळण नाहीतर घर सापडते. मोबाइलमधले होकायंत्र चुंबकाचे कव्हर किंवा गाडी जवळ असली की भरकटते. रात्री काठ्याच बऱ्या.

अंतर हवे असेल तर दुसऱ्या माणसाला ४०० मीटर बाजूला उभे करा आणि फोनवर बोलत एकाच क्षणी रेषा धरा. दिवसा दोन्ही रेषांचे अंश मोजा. फरक ६ अंश आला तर उजेड साधारण ३.८ किलोमीटरवर. एका अंशाची चूक झाली तर हेच उत्तर ३.३ ते ४.६ होते, म्हणून दोघांतले अंतर वाढवता येईल तेवढे वाढवा. अमेरिकेतल्या ब्राउन माउंटनवरचे गूढ दिवे १९२२ मध्ये भूवैज्ञानिक जॉर्ज मॅन्सफील्ड यांनी अशाच दिशारेषा आखून तपासले. बहुतेक मोटारींचे आणि आगगाड्यांचे निघाले.

आपल्याकडे चोर्ला घाटातल्या गाड्यांचे दिवे वळणावळणाला दिसतात-लपतात. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कुळे-कॅसलरॉकच्या चढावर आगगाडी अगदी हळू सरकते. पहिल्या पावसात ओहोळाकाठी हलणारे दिवे चडणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरणाऱ्यांचे. काजवे मे-जूनमध्ये, लुकलुकणारे.

कुजक्या लाकडावरचा स्थिर हिरवट उजेड बुरशीचा. ती म्हादई अभयारण्यात आढळते. टॉर्च विझवून वीस मिनिटे डोळे सरावू द्या. फोटोसाठी तिपाई, कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० आणि ३० सेकंदांचे एक्स्पोजर. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका.

दलदलीतला वायू पेटतो, हे उत्तर लोक चटकन देतात. मिथेन आपोआप पेट घेत नाही, तेव्हा ते सर्वांत शेवटी तपासा.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर तारीख, हवामान, उजेडाचा रंग आणि त्या जागेचे गावातले नाव लिहून ठेवा. राखणदाराचे स्थान त्या रेषेवर येते का, तेही गावकऱ्यांना विचारून नोंदवा.